खाली उजवीकडे

“कालिंदी! अगं, बाईला डोळे कधी फुटणार?”

सर खालून ओरडले तेव्हा मी परांचीच्या तिसऱ्या मजल्यावर पाय सोडून बसले होते आणि संत्रं सोलत होते. माझ्या पाठीशी भिंतीवर तुळसाबाई उभी होती. वीस फूट उंच, लुगड्याचा काष्टा मारलेली, एका पोराचं बोट धरून चाललेली. पदराच्या चुण्या, नाकातली चमकी, पोटऱ्यांवरचा चिखल, सगळं झालं होतं. फक्त डोळ्यांच्या जागी बशीएवढ्या दोन कोऱ्या जागा होत्या.

“रंग ओला आहे, सर.”

“परवापासून ओलाच आहे? उद्या नऊला समारंभ आहे!”

“होय ना,” मी म्हणाले आणि संत्र्याची फोड तोंडात टाकली.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्याजवळ उसाच्या शेतांत बसलेलं एक गाव होतं. निम्मी वस्ती आपल्या कोकणातून बोटीने आलेल्या मराठी माणसांची. तिथे त्यांची बैठका होती. बैठका म्हणजे मळ्यातलं काम उरकल्यावर मुलांना मराठी अक्षरं शिकवायची जागा. ती ज्या तुळसाबाईने सुरू केली, ती स्वतः ऊस तोडणारी. घरोघर जाऊन पोरांना हाताला धरून आणायची आणि राखेत बोटाने अक्षरं गिरवून घ्यायची. बैठकेला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून गावाने तिच्या रस्त्याकडच्या भिंतीवर तुळसाबाईचं चित्र काढायला आम्हाला बोलावलं होतं. आम्हाला म्हणजे सरांना. मी सामानात.

सर म्हणजे प्रभंजन कानविंदे. देशोदेशी जाऊन भिंती रंगवणारा मोठा चित्रकार. माणूस मोठा होता, हे मी आजही नाकारत नाही. उघडी भिंत बघून पाच मिनिटांत तिच्यावर काय मावेल ते सांगायचा. शंभर फुटांची रेघ एका दमात मारायचा. पण हत्ती काढणाऱ्या ह्या माणसाला मुंगी जमत नव्हती. बारीक ब्रश हातात आला की त्याचा हात थरथरायचा, आणि डोळे काढायचे म्हटलं की चेहऱ्याचं पार बुजगावणं व्हायचं.

मी पेणची. आमच्या घरी गणपती घडतात. मूर्तीला रंग कुणीही देतं, पण डोळ्यांची आखणी, म्हणजे बुबुळ, बाहुली, पापणीची रेघ आणि शेवटी बाहुलीतला पांढऱ्याचा चमकता ठिपका, हे काम कारखान्यात एकाच माणसाचं. आमच्याकडे ते बाबांचं होतं, आणि नवव्या वर्षापासून माझं. बाबा म्हणायचे, “डोला आखला का मूर्ती आपली नाय रव्हत गो. ती बगाया लागते.”

सरांनी मला मुंबईच्या एका कार्यशाळेत हेरलं आणि सोबत नेलं. मग पोर्तुगालमधलं कोळ्यांचं गाव, मेक्सिकोतली मंडई, दक्षिण आफ्रिकेतली शाळा. भिंत सरांची, डोळे माझे. सगळीकडे लोक तेच बोलायचे, की ह्या चित्रातली माणसं आपल्याकडे बघतात. वर्तमानपत्रांत तेच छापून यायचं. ज्या दिवशी मी डोळे आखायची, त्या दिवशी सर हॉटेलात झोपलेले असायचे.

पोर्तुगालची भिंत पहिली. ती झाल्यावर मी सरांना विचारलं, “सर, खाली उजवीकडे माझं नाव टाकू?” सर म्हणाले, “टाक की, बाळ. त्यात विचारायचं काय?” मी मराठीत, बारीक अक्षरांत ‘कालिंदी घरत, पेण’ असं लिहिलं. त्या दिवशी टपालघरातून घरी फोन लावला आणि बाबांना सांगितलं, इथले लोक भिंतीचा फोटो घरी पाठवतील, खाली उजवीकडे बघा. मग आम्ही निघालो. सर आदल्या दिवशी शेवटचा हात फिरवायला एकटेच गेले होते, ते मला माहीत नव्हतं.

पाच महिन्यांनी घरी गेले तेव्हा बाबांना फुप्फुसांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळवलं होतं. उशाशी फोटो होता आणि फोटोवर भिंग. मूर्तीचे दागिने आखायला वापरायचे ते भिंग. बाबा मला म्हणाले, “रोज बगतो. तुजा नाव कुटं हाय गो? माजी नजर गेली का काय?”

मी बघितलं. खाली उजवीकडे एक मासा होता. निळा, जाडजूड, ब्रशच्या चार फटकाऱ्यांत उरकलेला. त्याला डोळासुद्धा नव्हता.

“आहे बाबा,” मी म्हणाले. “फोटोत बारीक आलंय.”

बाबांनी पुन्हा भिंग उचललं. ते आणखी अकरा दिवस जगले, आणि त्यातले शुद्धीतले सगळे दिवस त्या माशात माझं नाव शोधत होते.

आता कुणी म्हणेल, एवढं झाल्यावर तू त्या माणसाबरोबर पुन्हा गेलीसच कशाला? गेले. पुढच्या दोन भिंती मान खाली घालून केल्या. सरांना वाटलं, पोरगी गरीब आहे. मी वाट बघत होते. उकिरड्याचेसुद्धा पांग फिटतात म्हणतात, मी तर माणूस होते.

मॉरिशसमध्ये ती वेळ सरांनी स्वतःच्या तोंडाने आणून दिली. तिथल्या रेडिओच्या मराठी कार्यक्रमात त्यांची मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “तुमच्या चित्रांतले डोळे इतके जिवंत कसे?” सर म्हणाले, “डोळे मी सगळ्यात शेवटी काढतो. एकटा. त्या वेळी परांचीवर मी कुणालाही उभं राहू देत नाही.” मी शेजारच्या खुर्चीवर त्यांची टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित मी पुढचं केलं नसतं.

बैठकेचे अध्यक्ष रामजी मास्तर. साठीचे, सरळ गृहस्थ. त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे चहा घेताना मी म्हणाले, “मास्तर, आमच्याकडे मूर्तीचे डोळे, ज्या कारागिराच्या नावाने मूर्ती ओळखली जाते त्यानेच आखायचे असतात. आणि ही तर तुमची तुळसाबाई. मग सरांनी कुणी नसताना का काढावेत? सगळ्या गावासमोर काढू देत.”

मास्तरांचे डोळे भरून आले. “असं असतं होय देशात? आम्हाला कोण सांगणार ह्या गोष्टी!”

पहिलं वाक्य खरं होतं. सूड घ्यायला खोटं बोलावं लागतंच असं नाही. दोन दिवसांनी छापील पत्रिका आल्या. त्यांत ठळक अक्षरांत होतं, ‘सकाळी नऊ वाजता तुळसाबाईंचे नेत्रोन्मीलन. चित्रकार श्री. प्रभंजन कानविंदे यांच्या हस्ते, सर्व ग्रामस्थांसमक्ष.’ पत्रिका मराठीत, आणि सर छापलेलं मराठी वाचायचा कंटाळा करायचे. ती त्यांनी खिशात घालून ठेवली.

संत्रं संपवून मी खाली उतरले तेव्हा शिडीपाशी साखराआजी उभ्या होत्या. तुळसाबाईंची लेक. पंच्याऐंशीच्या, काठीएवढ्या बारीक. आईला डोळ्यांनी पाहिलेलं गावात तेवढं एकच माणूस उरलं होतं. त्यांच्या हातात तुळसाबाईंचा एकमेव फोटो होता, ज्यावरून सरांनी चित्र बेतलं होतं. त्यात बाईंनी पदर डाव्या गालावर ओढून घेतलेला, अर्धाच चेहरा दिसतो. सरांनी चित्रात पदर मागे सारला होता. म्हणाले, अर्ध्या चेहऱ्याने भिंत भरत नाही.

“पोरी,” आजी म्हणाल्या. त्यांची मराठी त्यांच्या आजीच्या पेटीतून आलेली होती. “तुला येक सांगायचा हाय. आयेच्या डाव्या डोल्याचा.”

“आजी, उद्या बोलू. आत्ता गडबड आहे.”

“काल पण तू उद्या म्हनालीस.”

“आज नक्की, संध्याकाळी.”

“वी, वी,” त्यांनी मान डोलावली. ‘वी’ म्हणजे तिकडचं ‘बरं’. “बापयांना सांगायचा नाय, तू बाईमानूस म्हनून तुला सांगतंय. आयेला आवडला नसता.” आणि काठी टेकत त्या निघून गेल्या.

मी त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही. पलीकडे सर रामजी मास्तरांशी बोलत होते, मास्तर त्यांना उद्याचा कार्यक्रम समजावून सांगत होते आणि सरांचा चेहरा उतरत चालला होता. त्या चेहऱ्यावरून नजर काढायला मी तयार नव्हते.

चहाच्या वेळी सर आमच्या उतरायच्या घराच्या व्हरांड्यात आले. मी ब्रश धूत होते.

“बाळ, ही काय भानगड आहे? उद्या म्हणे मी सगळ्यांसमोर डोळे काढायचे!”

“रेडिओवर तुम्हीच सांगितलंत ना, सर.”

“ते बोलायचं असतं गं. हे बघ, आत्ता उजेड आहे. तू पटकन काढून टाक. वरून कापड लावू. उद्या मी नुसता ब्रश टेकवतो.”

“परांचीपाशी गावच्या बायका बसल्यात, भजनं म्हणतायत. त्यांच्यासमोर?”

“मग पहाटे काढ.”

“तुमच्या भिंतीला मी कसा हात लावू, सर?”

सर खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, तहानेल्याला पाणी मिळावं तसं वाटलं.

“तुला काय हवंय?” सर हळू आवाजात म्हणाले. “नाव हवंय? टाकतो की तुझं नाव. खाली उजवीकडे. सगळ्यांसमोर टाकायला लावतो. शब्द देतो.”

“मग मासा कुठे काढणार?”

“कसला मासा?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. नाटक नव्हतं ते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. भिंतीचा कोपरा रिकामा दिसला, काहीतरी खरडलेलं होतं, त्यावर चार फटकारे मारले आणि विसरून गेले. माझा बाप ज्याच्यावर भिंग धरून मेला, ते ह्या माणसाच्या लक्षातही नव्हतं. तोवर माझ्या मनात थोडी दया होती, निदान दयेला जागा होती. ती तिथे संपली.

“काही नाही सर,” मी म्हणाले. “उद्या सकाळी ब्रश तयार ठेवते.”

साखराआजींकडे त्या संध्याकाळी मी गेले नाही. विसरले नव्हते. माझ्या मनात दुसऱ्या कुणाला जागा नव्हती.

सकाळी नऊला रस्ता भरून गेला. बायका हिरव्या साड्या नेसून, डोक्यात फुलं माळून आल्या होत्या. ढोलकी होती, झांजा होत्या, एक मंत्री होते, कॅमेरावाले होते. साखराआजींना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. नारळ फुटला. मास्तरांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, देशातल्या रिवाजाप्रमाणे आता चित्रकार स्वतःच्या हाताने आमच्या आईचे डोळे उघडतील. टाळ्या झाल्या. सर शिडी चढले. त्यांचा झब्बा पाठीला चिकटलेला मला खालून दिसत होता.

उजवा डोळा कसाबसा पार पडला. बुबुळ थोडं मोठं झालं, पापणीची रेघ दोनदा तुटली, पण खालून खपण्यासारखं होतं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग डावा. बुबुळ झालं, बाहुली झाली. आता शेवटचा ठिपका.

आखणीचा पांढरा लोण्यासारखा घट्ट ठेवायचा असतो. तसा मी एका वाटीत घोटून ठेवला होता. शेजारी दुसऱ्या डब्यात आकाशाच्या ढगांसाठी पाण्यासारखा पातळ केलेला पांढरा होता. सरांनी घामाने भिजलेला हात पुढे केला आणि ब्रश त्या पातळ डब्यात बुडवला.

मला दिसलं. मी त्यांच्यापासून दहा हातांवर उभी होते. एक हाक पुरली असती. मी तोंड उघडलं नाही.

ठिपका टेकला आणि ओघळला. काळ्या बाहुलीवरून पांढरा रंग पसरत खाली आला. सरांनी घाईने चिंधी लावली, त्याने तो आणखी फासला गेला. पुन्हा पुसलं. आता सगळ्या बाहुलीवर निळसर पांढरी साय धरली होती. उजव्या डोळ्याने तुळसाबाई रस्त्याकडे बघत होती आणि डावा डोळा गढूळ झालेला. ढोलकी थांबली. मंत्र्यांनी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी विचारलं. मागून एक पोरगी फिसकन हसली आणि तिच्या आईने तिला चापटी मारली.

सर भिंतीकडे तोंड करून तसेच उभे राहिले. खाली वळायची त्यांची हिंमत होत नव्हती. मी मनात म्हणाले, बाबा, बघा. भिंगाची गरज नाही.

तेवढ्यात काठी पडल्याचा आवाज झाला. साखराआजी खुर्चीतून उठल्या होत्या.

“आये!” त्या ओरडल्या. “आये गो!”

पंच्याऐंशी वर्षांची म्हातारी, पण हाक पाच वर्षांच्या पोरीची होती. त्या भिंतीकडे चालत गेल्या. त्यांनी तुळसाबाईच्या चिखलभरल्या पायाला दोन्ही हात लावले आणि रडायला लागल्या. मास्तर धावले.

“आजी, काय झालं? आम्ही पुसून घेऊ, नीट करायला सांगू.”

“पुसशील तर हात मोडीन तुझा!” आजी म्हणाल्या. “हीच माझी आये. डाव्या डोल्यात तिच्या फूल होता, पांढरा. ऊस तोडताना पात लागली, कवळी पोर असताना. जन्मभर पदर ओढून फिरली. आमी घरचे सोडून कोणी बघितला नव्हता. साठ वर्सांनी बघतंय मी तिला.”

कुणीतरी तो फोटो मागितला. हातोहात फिरला तो. पदर डाव्या गालावर का ओढलाय, ते पंचाहत्तर वर्षांनी सगळ्या गावाला एकदम कळलं. बायका रडायला लागल्या. मास्तर चष्मा काढून पुसू लागले. सर खाली उतरले तेव्हा आजींनी त्यांचा रंगाने बरबटलेला हात धरला.

“तुला कोनी सांगितला रे बाबा? मी कोनालाच नाय सांगितला.”

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्यांना वाटलं असेल, मी आता बोलेन. मग ते म्हणाले, “माताजी, भिंतच सांगते. ऐकावं लागतं.”

कॅमेऱ्यांनी ते टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तेच वाक्य होतं.

आजी मग माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तर मी सोसलं असतं. त्या मायेने म्हणाल्या, “तुला सांगाया दोनदा आलंय मी, पोरी. तू कामात होतीस.”

त्या भिंतीवर मी डोळे आखले असते तर दोन्ही सारखे, टपोरे, पेणचे आखले असते. सगळ्यांकडे बघणारे, आणि साखराआजीकडे नाही.

आणि तेवढ्यात सरांचा आवाज आला, ध्वनिक्षेपकावरून. जिंकलेला माणूस उदार होतो. “ह्या भिंतीवर माझ्यासोबत माझी सहायक आहे, कालिंदी. माझी इच्छा आहे की तिनेही इथे आपलं नाव लिहावं. ये बाळ. खाली उजवीकडे.”

शब्द पाळला माणसाने. लोकांनी वाट करून दिली. कुणीतरी माझ्या हातात ब्रश दिला. ज्या कोपऱ्यासाठी मी तीन वर्षं दात आवळून काढली होती, तो माझ्यासमोर कोरा होता आणि सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. मी उकिडवी बसले. ‘का’ लिहायला ब्रश टेकवला आणि हात पुढे सरकेना. वर मान केली तर तुळसाबाई त्या फूल पडलेल्या डोळ्याने खाली बघत होती. तिच्यात माझं काही नव्हतं.

मी निळा रंग घेतला आणि मासा काढला. जाडजूड, चार फटकाऱ्यांचा, अगदी त्या भिंतीवर होता तसा. मग बारीक ब्रश घेतला. बुबुळ, बाहुली, वरची रेघ, आणि वाटीतल्या घट्ट पांढऱ्याचा एक ठिपका.

मासा बघायला लागला.

सर जवळ येऊन वाकले. “हे काय? नाव कुठे आहे?”

“आहे, सर,” मी म्हणाले. “भिंग लावून बघा.”

ते माशाकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला, आणि मला कळलं की आता त्यांना आठवलं. मी ब्रश त्यांच्या हातात दिला, आजींच्या पाया पडले आणि सामान बांधायला निघून गेले.